एआरटीची गोळी कुठे सुटते

एचआयव्हीच्या विषाणूची वाढ रोखणारी औषधे एकत्र देण्याच्या उपचारपद्धतीला अँटीरेट्रोव्हायरल थेरपी किंवा थोडक्यात एआरटी म्हणतात. या उपचाराने विषाणू समूळ नष्ट होत नाही, कारण त्याचा काही अंश शरीरातील पेशींमध्ये सुप्त राहतो आणि औषध थांबले की बहुधा काही आठवड्यांतच पुन्हा वाढू लागतो. म्हणून हा उपचार जन्मभर आणि खंड न पाडता घ्यावा लागतो. भारतात तो १ एप्रिल २००४ पासून शासनातर्फे मोफत मिळू लागला, तेव्हाच्या पहिल्या आठ केंद्रांमध्ये मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते, आणि २०१७ पासून तर प्रतिकारशक्तीचे मोजमाप असलेल्या सीडी-फोर पेशींची संख्या कितीही असली तरी निदान झालेल्या प्रत्येकाला उपचार देण्याचे धोरण आहे. औषध फुकट मिळते आणि ते सोडल्यास काय होते हेही ठाऊक असते, तरी माणसे ते मध्येच का सोडतात, या प्रश्नावर रुग्णांनी आणि समुपदेशकांनी या काळात जे अनुभवले, त्यातून नव्याने उपचार सुरू करणाऱ्याला पुष्कळ शिकता येते.

शंभरपैकी किमान पंचाण्णव गोळ्या पोटात गेल्याच पाहिजेत, असा जो दंडक केंद्रांवर ऐकू येतो, त्याला २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा आधार आहे. दिवसाला दोन गोळ्या असत तेव्हा महिन्याच्या साठांपैकी तीनहून अधिक सुटल्या की रुग्ण या रेषेखाली जाई. रक्तातील औषधाचे प्रमाण घटते तेव्हा विषाणू वाढू लागतो, आणि अपुऱ्या औषधाला तोंड देऊ शकणारे त्याचे बदललेले वाण तेवढे तगून राहतात. यालाच औषधप्रतिकार म्हणतात, आणि तो एकदा आला की तेच औषध पुढे नियमित घेऊनही उपयोग होत नाही. सध्याच्या टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर या तिहेरी गोळीतील डोल्युटेग्रॅविरसमोर असा प्रतिकार सहजी उभा राहत नाही, त्यामुळे एखाद्या दिवसाची चूक ती पूर्वीच्या औषधांपेक्षा अधिक सोसते, पण म्हणून आठवडेच्या आठवडे सोडलेले तिलाही चालत नाही.

पूर्वी गोळी सुटण्यास औषधेही कारण होती, हे मान्य केले पाहिजे. स्टॅव्हुडिनने गाल आत जात, तळपायांची आग होई, आणि चेहऱ्यावरूनच आजार ओळखू येईल या भीतीने काही जण ते टाळत. एफाविरेन्झने चक्कर येई आणि झोपेत विचित्र स्वप्ने पडत, त्यामुळे रात्रपाळीच्या कामगाराला किंवा ट्रकचालकाला ते घेणे कठीण होई. आता दिवसातून एकच गोळी आहे आणि बहुतेकांना ती सोसते. औषध इतके सोपे झाल्यावरही जे खंड पडतात, त्यांची कारणे मात्र औषधाच्या बाटलीबाहेर, माणसाच्या संसारात शोधावी लागतात.

तिथे ठळकपणे दिसते ती लपवाछपवी. विसराळूपणाला जितका दोष दिला जातो तितका त्याचा वाटा नसावा. गोळी लक्षात असते, पण ती चारचौघांत तोंडात टाकता येत नाही. एका खोलीत सहा-सात माणसे राहतात त्या घरात, लग्नाला गेलेल्या पाहुणेघरी किंवा कामगारांच्या सामाईक खोलीत ठरलेल्या वेळी बाटली काढणे म्हणजे प्रश्न ओढवून घेणे असते. मग लेबल खरवडले जाते किंवा गोळ्या पुडीत बांधून धान्याच्या डब्यात दडवल्या जातात, जिथे त्यांना दमट हवा लागते. काही जण ‘बीपीची गोळी’ म्हणून वेळ निभावतात. पण खोटे एकदा सांगितले की ते रोज सांभाळावे लागते, आणि घरातले कुणी मायेने ‘आता बीपी उतरलंय, कशाला खाता गोळ्या’ असे म्हणू लागले की उत्तर उरत नाही. गरोदरपणातील तपासणीत जिला आपला संसर्ग प्रथम कळतो तिची अडचण याहून मोठी असते, कारण पुष्कळदा नवऱ्याची तपासणी नंतर होते आणि दोष मात्र आधी तिच्यावर येतो. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करण्यास मनाई करतो आणि भेदभावाला बंदी घालतो, हे मोलाचे आहे. पण सासूच्या नजरेवर त्याचा अंमल चालत नाही. म्हणून सर्वांना सांगण्याचा हट्ट न धरता, विश्वासाच्या निदान एका माणसाला खरे सांगावे, आणि गोळीची वेळ घड्याळापेक्षा स्वतःच्या दिनक्रमातील अशा क्षणाशी जोडावी जेव्हा एकांत हमखास मिळतो, असा अनुभवी रुग्णांचा सल्ला असतो आणि तो रास्त आहे.

दुसरा धोका बरे वाटण्यातून येतो, आणि तो अधिक फसवा आहे. वजन वाढते, ताप जातो, आणि रक्तातील विषाणूंची संख्या, म्हणजे व्हायरल लोड, चाचणीत सापडेनाशी होते. याचा अर्थ विषाणू गेला असा घेतला जातो. प्रकृती सुधारल्यावर औषधाला सुटी देता येईल का, हे पाच हजारांहून अधिक रुग्णांवर तपासणाऱ्या ‘स्मार्ट’ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुटी घेणाऱ्यांमध्ये आजार आणि मृत्यू दोन्ही वाढलेले दिसले आणि २००६ मध्ये तो प्रयोग थांबवावा लागला. उलट सातत्याचा लाभ जोडीदारालाही मिळतो: पुण्यातील जोडप्यांचाही सहभाग असलेल्या एका अभ्यासात, उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये दिसून आले. भीती घालण्यापेक्षा ही माहिती द्यावी. ती औषध चालू ठेवण्याचे कारण देते.

अंतर आणि मजुरी यांचा हिशेब वेगळाच आहे. बीडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांना दर महिन्याला गावच्या केंद्रावर या म्हणणे म्हणजे दिवसाची मजुरी आणि मुकादमाची परवानगी दोन्ही मागणे होय. उपजिल्हा रुग्णालयांतील लिंक एआरटी केंद्रे, स्थिर रुग्णांना एकदम काही महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय आणि दुसऱ्या ठिकाणच्या केंद्रातून तात्पुरते औषध घेण्याची मुभा याचसाठी आहे, परंतु ती मिळते निघण्यापूर्वी सांगणाऱ्याला. म्हणून हंगामाला जाण्याआधी केंद्रावर कळवावे आणि उपचारपुस्तिका सोबत ठेवावी.

उपवास आणि गोळी यांचा विरोध नाही, कारण सध्याची गोळी रिकाम्या पोटीही चालते. मात्र आम्लपित्तावरील काही औषधे, लोह आणि कॅल्शियम तिचे शोषण घटवतात आणि क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन सुरू असताना डोल्युटेग्रॅविरची मात्रा वाढवावी लागते, तेव्हा इतर कोणतेही औषध घेण्याआधी विचारलेले बरे. दारूने वेळ चुकते, हे सांगण्याची गरज नाही. पण पिणाऱ्याने त्या दिवशी गोळी टाळावी हा समज त्याहून घातक आहे. एड्स पूर्ण बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही, असे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘जे’ परिशिष्टातच आहे, तरी असे चूर्ण विकणारे भेटतात आणि त्यांची पहिली अट सरकारी गोळी बंद करण्याची असते.

शेवटी केंद्रावरील वागणुकीचा प्रश्न राहतो. उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात हे कळल्यावर रागावणे टाळण्यासाठी काही रुग्ण त्या वाटेतच फेकून देतात, मग मोजणी बरोबर येते आणि खरे दुखणे व्हायरल लोडच्या चाचणीपर्यंत दडून राहते. ‘गोळ्या नियमित घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येते. ‘गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी जमले नाही?’ असे विचारले तर माणूस बोलतो. ज्याला नियमित न घेणारा म्हणून बेफिकीर ठरवले जाते, तो बहुधा अडचणीत असतो, एवढे समुपदेशकाने धरून चालावे. एखादी गोळी राहिली तर आठवताच घ्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. महिनोन्महिने उपचार सोडलेल्या रुग्णालाही केंद्रावर परत घेतले जाते, त्याची तपासणी करून औषध पुन्हा सुरू करता येते. जाण्याचा संकोच वाटत असेल तर आधी १०९७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर नाव न सांगता विचारावे, त्या दूरध्वनीला पैसे पडत नाहीत.