ओळ 212 माझी होती, चूक नव्हती

ज्या ओळीपायी मी आठ दिवस बोलणी खाल्ली, ती ओळ दोन पूर्णांकांचा गुणाकार करते. बस्स. पॉइंटर नाही, अ‍ॅरे नाही. तिथे सेगमेंटेशन फॉल्ट येईलच कसा, एवढं बैठकीतल्या एकाने जरी विचारलं असतं, तरी हे लिहायची वेळ आली नसती.

क्लायंटकडे आमची सर्व्हिस रात्री कोसळली, कोअर डंप हाती आला. रिलीजची फाइल स्ट्रिप केलेली, त्यामुळे जीडीबीत नुसते पत्ते आणि प्रश्नचिन्हं. लीडसाहेबांनी त्याच टॅगवरचा कोड घेतला, 'मायनस जी' लावून आपल्या मशीनवर नव्याने बिल्ड केला, 'व्हॅल्यूज नीट दिसाव्यात' म्हणून ओ-टूचं ओ-झीरो केलं, आणि कोअर त्या फाइलवर उघडला. जीडीबीचा बाण माझ्या फंक्शनवर, ओळ 212. साहेबांनी स्क्रीनशॉटवर लाल चौकोन काढला आणि सगळ्यांना सीसीत ठेवून मला मेल टाकली : "प्लीज एक्सप्लेन."

काय एक्सप्लेन करणार? कोअरमध्ये असते ती कोसळतानाची मेमरी आणि रजिस्टर. प्रोग्राम कुठे होता त्याचा फक्त पत्ता. तो पत्ता कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीचा, हे जीडीबी स्वतःच्या अकलेने सांगत नाही. बिल्ड करताना कंपायलरने जी ड्वार्फ माहिती लिहून ठेवलेली असते, तिच्यात बघून सांगतो. ओळींचा तक्ता एका भागात, व्हेरिएबलचे टाइप आणि ठिकाणं दुसऱ्यात, स्टॅक कसा उलगडायचा ते आणखी वेगळ्या भागात. आणि हे सगळं त्या एका बिल्डपुरतं. नुसत्या 'मायनस जी'ने मशीन कोड बदलू नये, असा जीसीसीचा दंडक आहे. पण ओ-झीरो केलंत की फंक्शनांची लांबी बदलते, पत्ते सरकतात. मग शेजारच्या गावच्या दप्तरात आपल्या गट नंबरचा सातबारा काढल्यासारखं होतं. नाव निघतं, पण भलत्याचंच.

मलाही हे सुचायला सहा रात्री लागल्या, ते कबूल करतो. मी वेड्यासारखा त्या गुणाकारातच खोट शोधत होतो. सहाव्या रात्री बॅकट्रेस खालून वर वाचला. माझ्या फंक्शनला ज्याने बोलावलं असं दिसत होतं, ते फंक्शन माझ्या फंक्शनला कुठेच बोलावत नाही. अख्खा कोड धुंडाळला, नाहीच. मग कोअरमधला बिल्ड-आयडी काढला, साहेबांच्या फाइलचा काढला. चाळीस अक्षरं-आकड्यांतलं पहिलंच जुळेना. कोअर त्यांच्या मशीनवर पुन्हा उघडून पाहिला, तर जीडीबीने सुरुवातीलाच इशारा दिला होता की हा कोअर या एक्झिक्युटेबलचा नसावा. स्क्रीनशॉटमध्ये तेवढीच ओळ कापलेली!

बिल्ड सर्व्हरच्या एका जुन्या फोल्डरात स्ट्रिप होण्याआधीची मूळ फाइल निघाली. आयडी जुळला. दहा मिनिटांत खरी जागा सापडली : लॉगची फाइल बंद केल्यावरही तिच्यातच लिहिणारा कोड. कोणाचा, ते सांगायला हवं का? साहेब म्हणाले, "चला, सुटलं एकदाचं." त्या मेलवर मात्र कुणी 'रिप्लाय ऑल' केलं नाही.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी.

रिलीजही 'मायनस जी' लावूनच बिल्ड करा. फाइल फुगते, पण डीबगचे भाग चालताना मेमरीत चढत नाहीत. स्ट्रिप करण्याआधी ऑब्जकॉपीच्या 'ओन्ली-कीप-डीबग'ने ती माहिती वेगळी काढा आणि बिल्ड-आयडीच्या नावाने जपा. नंतर बिल्ड करून ती मिळेल या भरवशावर राहू नका.

बाण कुठे आहे हे बघण्याआधी आयडी जुळवा. माणसाचं नाव घेण्याआधी तर नक्कीच.

'ऑप्टिमाइझ्ड आउट' दिसलं म्हणून जीडीबीला शिव्या देऊ नका. त्या पत्त्यावर ते व्हेरिएबल ना रजिस्टरमध्ये उरलंय ना मेमरीत, एवढंच तो प्रामाणिकपणे सांगतोय. रोजच्या कामाला ओ-जी वापरा.

क्लायंटकडचा जीडीबी जुना असेल तर ड्वार्फ 4 मागून घ्या. जीसीसी 11 पासून काही न सांगता ड्वार्फ 5 मिळतं, आणि जुन्या जीडीबीला ते वाचता येत नाही.

बाकी नेहमीचंच : बॅकअप ठेवा, डोकं शांत ठेवा, सगळं लेखी ठेवा. शेवटचं जरा जास्तच.

आयडी जुळला नाही तर कोअर उघडायचाच नाही, अशी स्क्रिप्ट मी नंतर लिहिली. साहेबांनी ती 'टीमची नवी प्रोसेस' म्हणून वर कळवली. त्या मेलमध्येही मी सीसीतच होतो.