आजीचं स्मरण कुठे गेलं?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ८, श्लोक ५ ते ७. सोबत दासबोध, दशक ४, समास ३, म्हणजे नामस्मरणभक्ती.

खरं सांगतो, गीतेतले हे तीन श्लोक मी दोन वर्षं टाळत होतो. पाचव्या श्लोकात भगवंत म्हणतात की अंतकाळी माझं स्मरण करत जो देह सोडतो, तो मलाच येऊन मिळतो. सहाव्यात सांगतात की जो भाव मनात धरून माणूस जातो, त्याच भावाला तो पोचतो. ऐकायला सरळ आहे. पण ज्याची आठवणच पुसली गेली, त्याने अंतकाळी स्मरण कशाने करायचं? माझ्या आजीचं काय झालं?

आजी म्हणजे माझ्या आईची आई. माहेर माण तालुक्यात, गोंदवल्याजवळ. लग्न होऊन सांगलीला आली आणि कृष्णाकाठी गावभागात तिचा सगळा संसार झाला. तीन मुलं, सात नातवंडं. शाळा चौथीपर्यंत, पण दासबोध रोज वाचायची. सज्जनगडावर गेली की समर्थांच्या समाधीनंतर वेणास्वामींच्या समाधीपाशी जरा जास्तच रेंगाळायची. म्हणायची, "या आपल्या मिरजेच्या."

तिची आवडती गोष्ट मात्र माहेरची होती. गोंदवलेकर महाराज (१८४५–१९१३) आपल्या आईला, गीताबाईंना, काशीयात्रेला घेऊन गेले आणि त्याच यात्रेत अयोध्येला गीताबाईंनी देह ठेवला. रामाची नगरी, आणि सोबत रामाचं नाव घेणारा मुलगा. आजी गोष्ट संपवताना दर वेळी म्हणायची, "असं मरण मागून मिळत नाही रे बाळा."

आजीला जपासाठी वेगळा वेळ काढताना मी कधी पाहिलं नाही. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभी राहायची, तेवढ्यात बोटांच्या पेरांवर जप. दाण्याचं कूट करताना जप. सांगलीहून आमच्याकडे साताऱ्याला यायची तेव्हा एस.टी. सुटली की सुरू, ते कराड स्टँडवर चहा घेईपर्यंत. मी चिडवायचो, "आजी, देवाला जरा सुट्टी दे." ती म्हणायची, "देवाला कसली सुट्टी? माझं मन रिकामं राहिलं की शेजारणीच्या घरात शिरतं, म्हणून त्याला कामाला लावते."

समर्थांनी त्या समासात हेच सांगितलंय. सुखात, दुःखात, चालता-बोलता, खाता-पिता, धंदा करताना, सकाळ-दुपार-संध्याकाळ नाम विसरू नका. कामं बाजूला ठेवून या, असं ते म्हणत नाहीत.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी वाढतच गेलं. आजीनं एका पिशवीत औषधं आणि दासबोध घेतला आणि घर सोडलं. त्यानंतर ती साताऱ्याला आईकडेच राहिली. सुरुवातीला गॅस बंद करायला विसरायची. मग वार विसरायला लागली. मग पोथी उघडी असायची आणि पान तेच. मला मामाच्या नावानं हाक मारायची. शेवटच्या वर्षात तीही हाक बंद झाली, आणि जपही.

आई रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसून मोठ्यानं तेरा अक्षरी मंत्र म्हणायची. एका शनिवारी मी पुण्याहून आलो होतो, मांडीवर लॅपटॉप, डोक्यात सोमवारचं रिलीज. मी बोलून गेलो, "आई, कशाला घसा कोरडा करतेस? तिला आता काही कळत नाही."

आई रागावली नाही. म्हणाली, "नवविधा भक्तीत पहिली कुठली?"

"श्रवण."

"आणि स्मरण?"

"तिसरी."

"तिची तिसरी गेली असेल रे. पहिली अजून आहे. पण श्रवणाला म्हणणारं कुणीतरी लागतं ना?"

त्या रात्री आईला झोपायला पाठवून मी बसलो. मोठ्यानं नाम घ्यायची मला लाज वाटत होती, स्वतःच्याच आजीसमोर. तरी घेतलं. चमत्कार काही झाला नाही. तिनं डोळे उघडले नाहीत, मला ओळखलं नाही. उजव्या हाताचा अंगठा मात्र मधेच करंगळीच्या पेरावर टेकत होता. ती नुसती सवय असेल. पण ती सवय लागली कशानं, हे मला माहीत होतं. तीन आठवड्यांनी पहाटे ती गेली, तेव्हा आई नाम घेत होती आणि मी पुण्यात झोपलेलो होतो.

मी स्मरणाला डेटासारखं समजत होतो. डिस्क गेली की डेटा गेला. म्हणून ते दोन श्लोक टोचायचे. पण सहाव्या श्लोकाचा शेवट नीट वाचा. माणूस ज्या भावानं सदैव घडत आलेला असतो, त्याच्याबद्दल तिथे बोललंय. आणि सातवा श्लोक म्हणतो, 'म्हणून' सर्व काळी माझं स्मरण कर आणि लढ. अंतकाळाची परीक्षा सांगून भगवंत अर्जुनाला अंतकाळाची तयारी करायला लावत नाहीत, आत्ताच्या कामाला लावतात. आजीनं साठ वर्षं गॅसपाशी, एस.टी.त, पुराच्या पाण्यात हेच केलं होतं.

श्रीवैष्णव परंपरेत वराहचरमश्लोक फार मानतात. त्यात भगवान वराह भूदेवीला सांगतात की मन आणि शरीर धड असताना ज्यानं माझं स्मरण केलं, तो मरताना लाकडा-दगडासारखा निश्चेष्ट झाला तरी मी त्याची आठवण ठेवतो आणि त्याला परमगतीला नेतो. हे वाचलं तेव्हा माझ्या प्रश्नाची बाजूच बदलली. तिला देव आठवत होता का, हे मी विचारत बसलो होतो. देवाला ती आठवत होती.

आजचा अभ्यास: रोजचं एकच काम निवडा. चहा उकळेपर्यंत, लिफ्ट येईपर्यंत, बिल्ड पूर्ण होईपर्यंत. तेवढा वेळ नाम घ्या. आणि घरात कुणी विसरायला लागलं असेल, तर त्यांच्याजवळ बसून मोठ्यानं म्हणा. "त्यांना कळत नाही," असं माझ्यासारखं म्हणू नका.

उद्या आठव्या श्लोकापासून पुढे.

श्रीराम.