डबेवाल्यांची रिम टिकते, गिअरवाली का तडकते?

परळच्या एका वाचकाच्या गिअरच्या सायकलीच्या मागच्या अ‍ॅल्युमिनियम रिमवर स्पोकच्या भोकांपाशी बारीक तडे गेले आहेत. त्यांचा प्रश्न: दादर स्टेशनबाहेर डबे लादलेल्या सायकलींना हे का होत नाही?

मुंबईत डबे पोचवण्याचा व्यवसाय 1890 पासूनचा. डबेवाल्यांच्या पारंपरिक काळ्या सायकलीची रिम पोलादी. जुन्या घडणीत पुढे 32 आणि मागे 40 स्पोक. ताण ठरावीक मर्यादेखाली राहिला, तर पोलाद लाखो फेरे निमूट सोसते. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादाच नाही. चाक फिरताना जमिनीलगतच्या स्पोकचा ताण उतरतो, वर गेला की पुन्हा चढतो. 26 इंची चाकात हे किलोमीटरला सुमारे 480 वेळा घडते! धातूचा थकवा भोकाच्या कडेला साचतो आणि तडा तिथूनच निघतो. मागच्या चाकावर वजन जास्त, त्यात गिअरच्या बाजूचे स्पोक अधिक ताठ; म्हणून बहुधा तिथेच.

पोलादही अमर नव्हे. ते वाकते, खाऱ्या हवेत गंजते आणि पावसात ओल्या क्रोमवर ब्रेक नीट लागत नाही. हा शेवटचा दोष बराच मोठा आहे.

रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर अ‍ॅल्युमिनियमची भिंतही झिजते. पावसाळ्यातली रेती ती पॉलिशपेपरसारखी घासते.

चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढून तडा नाहीसा होत नाही. वेल्डिंगच्या फंदातही पडू नये. या वाचकांनी ती सायकल आता चालवू नये, रिम बदलावी. हब चांगला असेल तर तोच पुन्हा वापरता येतो.