क्रीडांगण केवढे असावे?

आवडता संघ मैदानात उतरला आहे, सामना रंगात आला आहे आणि दाराबाहेर शेकडो लोक तिकिटावाचून परत फिरत आहेत, असे दृश्य पाहिले म्हणजे कोणाच्याही मनात सहज येते, की हे क्रीडांगण आणखी मोठे का बरे बांधीत नाहीत? अधिक जागा म्हणजे अधिक प्रेक्षक, आणि अधिक प्रेक्षक म्हणजे अधिक उत्पन्न. हिशेब किती सरळ आहे! परंतु मुलांनो, वरवर सरळ दिसणारे हिशेबच पुष्कळदा माणसाला फसवितात. इंग्लंडमधील दोन फुटबॉल क्लबांची हकिकत वाचली म्हणजे हे तुमच्या ध्यानात येईल.

पहिला क्लब लंडन शहरातील आर्सेनल. हा संघ १९१३ सालापासून हायबरी नावाच्या क्रीडांगणावर खेळत असे. १९८९ साली शेफील्ड येथील हिल्सबरो क्रीडांगणात भयंकर चेंगराचेंगरी झाली आणि अनेक निरपराध माणसे प्राणास मुकली. त्यानंतर मोठ्या क्लबांनी प्रेक्षकांना दाटीवाटीने उभे न करता प्रत्येकास बसावयास खुर्ची द्यावी, असा दंडक घालण्यात आला. तो योग्यच होता. परंतु त्यामुळे हायबरीत, जेथे पूर्वी साठ-सत्तर हजार माणसे मावत, तेथे सुमारे ३८,००० माणसांचीच सोय होऊ लागली. चहूबाजूंनी घरांची दाटी असल्यामुळे क्रीडांगण वाढविण्यासही वाव नव्हता.

जागा अपुरी पडते म्हणून १९९८ पासून दोन हंगाम या क्लबाने युरोपातील चॅम्पियन्स लीग स्पर्धेचे आपले सामने वेम्बलीच्या विशाल क्रीडांगणावर खेळविले. तेथे संघाला फारसे यश लाभले नाही. पण सामन्यांना सत्तर हजारांवर प्रेक्षक लोटले. नवे क्रीडांगण बांधण्यापूर्वीच ते भरण्याइतके लोक आहेत, याची अशी खात्री पटली.

मग २००६ साली, हायबरीपासून हाकेच्या अंतरावर, एमिरेट्स स्टेडियम उभे राहिले. त्यात सुमारे ६०,००० खुर्च्या होत्या. या कामास सुमारे ३९ कोटी पौंड खर्च आला आणि त्यासाठी बँकांकडून २६ कोटी पौंडांचे कर्ज काढावे लागले.

आता आपण स्वतःच थोडे गणित करून पाहू. नव्या क्रीडांगणात २२,००० जागा वाढल्या. वर्षाकाठी घरच्या मैदानावर सुमारे २५ सामने होतात. म्हणजे वर्षाला साडेपाच लाख तिकिटे अधिक खपतील. एका तिकिटाचे ३० पौंड धरले, तर १ कोटी ६५ लाख पौंड हाती येतील. या हिशेबाने ३९ कोटी पौंड फिटावयास जवळजवळ चोवीस वर्षे लागतील. आणि यात व्याज तर आपण धरलेच नाही! केवळ साध्या तिकिटांच्या बळावर एवढी मोठी इमारत उभी राहू शकत नाही, ही गोष्ट या छोट्या गणितावरून कळून येते.

आर्सेनलला हे ठाऊक होते. म्हणून त्याने उत्पन्नाच्या इतर वाटाही शोधल्या. नव्या क्रीडांगणात सुमारे ७,००० महाग खुर्च्या आणि दीडशे खासगी कक्ष ठेवले. धनिक लोक आणि कंपन्या त्यांसाठी भरपूर पैसे मोजतात. एका विमान कंपनीने क्रीडांगणास आपले नाव देण्याबद्दल आणि खेळाडूंच्या सदऱ्यावर ते झळकविण्याबद्दल सुमारे १० कोटी पौंडांचा करार केला. जुन्या हायबरीच्या जागी घरे बांधून ती विकली. जेथे चेंडू उसळत असे तेथे आता बाग आहे. नव्या जागी पहिल्याच वर्षी सामन्यांचे उत्पन्न दुपटीच्या घरात गेले.

तरीही या यशाची किंमत मोजावी लागलीच. कर्जाचे हप्ते चुकविता येत नाहीत. तेव्हा नव्या खेळाडूंवर सढळ हाताने खर्च करणे क्लबास जमेना. सेस्क फाब्रेगास, रॉबिन व्हान पेर्सी यांसारखे मोहरे इतर क्लबांकडे गेले. २००५ साली एफ. ए. कप जिंकल्यानंतर मोठा चषक पुन्हा हाती यावयास २०१४ साल उजाडले. दरम्यान दूरचित्रवाणीकडून मिळणारा पैसा एवढा वाढला, की मोठ्या क्लबांच्या उत्पन्नात तिकिटांचा वाटा मागे पडला. क्रीडांगण बांधावयास घेतले तेव्हा एवढी वाढ कोणास दिसली असेल?

आता दुसऱ्या क्लबाकडे वळू. इंग्लंडच्या उत्तर भागात डार्लिंग्टन नावाचे लहानसे शहर आहे. १८२५ साली सुरू झालेल्या स्टॉकटन–डार्लिंग्टन रेल्वेमुळे त्याचे नाव इतिहासात अजरामर झाले आहे. तेथील फुटबॉल क्लब १८८३ साली स्थापन झाला. तो चौथ्या श्रेणीत खेळे आणि त्याच्या सामन्यांना काही हजार माणसे जमत. गावातील मैदान जुनेच होते, पण ते सर्वांच्या जिव्हाळ्याचे होते.

१९९९ साली जॉर्ज रेनॉल्ड्स नावाच्या उद्योजकाने हा क्लब विकत घेतला आणि त्याची जुनी देणीही चुकती केली. आपला संघ थेट पहिल्या श्रेणीत नेण्याचे स्वप्न त्यांनी पाहिले, आणि त्या स्वप्नास शोभेल असे २५,००० खुर्च्यांचे क्रीडांगण गावाच्या कडेला बांधविले. २००३ च्या ऑगस्टमध्ये तेथे पहिला सामना झाला. नवलाईने ११,६०० लोक आले. उद्घाटनाच्या त्या दिवशीसुद्धा निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्याच होत्या! पुढे नेहमीच्या सामन्यांना तर पाचांपैकी चार खुर्च्या, आणि कधी त्याहूनही अधिक, ओस पडू लागल्या. प्रेक्षक पाच हजार असोत की पंचवीस हजार, इमारतीची डागडुजी, दिवाबत्ती आणि राखण यांचा खर्च काही त्या प्रमाणात कमी होत नाही. पाच महिने होण्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, क्लब देणी भागवू शकेना आणि त्याचा कारभार प्रशासकांच्या हाती सोपवावा लागला. २००९ आणि २०१२ साली हाच प्रसंग पुन्हा ओढवला.

तेव्हा गावातील क्रीडाप्रेमी पुढे सरसावले. त्यांनी पै-पैसा गोळा केला आणि २०१२ साली नव्याने क्लब उभारला. त्याला नवव्या श्रेणीपासून आरंभ करावा लागला. स्वतःच्या गावात मैदान नव्हते म्हणून हा संघ शेजारच्या बिशप ऑकलंड गावी खेळे. ते भव्य क्रीडांगण मात्र एका रग्बी क्लबाकडे गेले. अखेर २०१६ च्या डिसेंबरात फुटबॉल संघ आपल्या गावी, एका साध्या मैदानावर, परत आला.

आणि दैवाचा खेळ पाहा! २०१७ साली हा संघ वरच्या श्रेणीत जाण्यासाठी होणाऱ्या सामन्यांस पात्र होण्याइतका चांगला खेळला. परंतु नियमाप्रमाणे पुरेशा खुर्च्या मैदानावर नसल्यामुळे त्याला त्या सामन्यांत भाग घेता आला नाही. ज्या क्लबाला एके काळी पंचवीस हजार खुर्च्यांनी बुडविले, त्यालाच आता थोड्याशा खुर्च्यांसाठी अडून बसावे लागले. तेव्हा क्रीडांगण लहानच बरे, असेही म्हणता येत नाही.

मग केवढे असावे? बांधण्यापूर्वी क्लबाने स्वतःस काही प्रश्न विचारले पाहिजेत. दाराबाहेर खरोखर किती लोक ताटकळत आहेत? संघ हरू लागला तरी त्यांपैकी किती येतील? सामने नसतील त्या दिवशी इमारतीचा उपयोग काय? आणि अडचणीच्या वर्षी हप्ता कोठून द्यावयाचा? आर्सेनलने गर्दी आधी पाहिली आणि मग खुर्च्या मांडल्या. डार्लिंग्टनमध्ये खुर्च्या आधी मांडल्या आणि मग गर्दीची वाट पाहिली. दोहोंतील सारा फरक एवढाच आहे.

हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. पण हौसेपायी काढलेल्या कर्जाला मात्र व्याज असते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण घरापुरतीच नाही. क्लब, गाव आणि संस्था यांनाही ती तितकीच लागू आहे. कारण एखाद्याची हौस फसली, तर तिचे ओझे पुढे पुष्कळांना वाहावे लागते. डार्लिंग्टनच्या लोकांनी ते वाहिले, आणि आपला क्लब मरू दिला नाही.

स्वाध्याय

१. हायबरीतील प्रेक्षकांची संख्या का घटली?
२. केवळ साध्या तिकिटांवर नव्या क्रीडांगणाचा खर्च का भागला नसता? पाठातील गणित करून दाखवा.
३. नव्या क्रीडांगणामुळे आर्सेनलला काय मिळाले व काय गमवावे लागले?
४. ‘आणि दैवाचा खेळ पाहा!’ असे लेखकाने का म्हटले आहे?
५. तुमच्या शाळेस नवे सभागृह बांधावयाचे आहे अशी कल्पना करा. ते केवढे असावे हे ठरविण्यासाठी कोणते प्रश्न विचाराल, ते आठ-दहा ओळींत लिहा.