आपली गोष्ट मैत्रिणींना सांगताना

यंदा आम्हाला मराठीला ‘आत्मकथन’ हा साहित्यप्रकार अभ्यासाला आहे. आत्मचरित्र बहुधा नावारूपाला आलेला माणूस उतारवयात लिहितो. आत्मकथन लिहिणारा तेवढा थांबत नाही. मला कोणी ओळखत नाही, म्हणूनच ऐका, असे त्याचे म्हणणे असते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते जेमतेम चाळिशी ओलांडलेले होते.

या पुस्तकाची मांडणी पाहण्यासारखी आहे. त्यात दगडू मारुती पवार आपली हकीकत दया पवारांना सांगतो. वस्तुतः दोघे एकच! दगडू हे मूळचे नाव, दया हे साहित्यात रूढ झालेले. शिकल्यासवरलेल्या माणसाने आपल्यातल्याच महारवाड्यातल्या पोराला समोर बसवून बोलते केले आहे. दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःला सांगावे लागते, हे मला अनुभवाने पटले.

वसतिगृहाच्या खोलीत आम्ही तिघी. माझे आईवडील दर वर्षी बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम आधी उचल देतो, ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. कारखाने दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात. म्हणून पहिल्या वर्षी सुट्टीनंतर मैत्रिणी फराळाचे डबे घेऊन आल्या आणि मी रिकाम्या हाताने. त्यांनी विचारले तेव्हा मी म्हणाले, “आमच्याकडे सुतक होतं.” मग कोण वारले, वय काय, सगळे जुळवत बसावे लागले. जे कधी नव्हतेच, ते चुलत आजोबा मी मारले!

मला भीती होती ती कीव होण्याची. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ने ती थोडी घालवली. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. हाल पुष्कळ सोसले, पण स्वतःची फजिती अशा हसत सांगतात की वाचणाऱ्याला कीव करायला सवडच मिळत नाही.

आणखी एक अडचण होती. माझी गोष्ट म्हणजे आईचीही गोष्ट. फोनवर तिला विचारले, तर ती म्हणाली, “सांग की. पन उचल किती घेतली ते नको सांगू.” तो आकडा मी खोलीत सांगितला नाही, येथेही लिहीत नाही.

या वर्षी एका रात्री सांगायला बसले. ‘आम्ही गरीब’ अशी सुरुवात केली नाही. कोपीपासून केली. वाकून आत शिरावे लागते, पाऊस आला की अंथरूण गुंडाळून बसायचे. आई पहाटे अंधारातच भाकरी थापून फडात जायची आणि धाकट्या भावाला मी सांभाळायची. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत कशी चढतात, ते एकीने विचारले. मी उशी डोक्यावर घेऊन कॉटवर चढून दाखवले. तिघीही हसलो.

शेवटी सुतकाचे खरे सांगितले. तेव्हा दुसरी एकदम गप्प झाली. सुतक म्हणून तिने त्या वेळी मला बेसनाच्या लाडवांचा आग्रह केला नव्हता, स्वतःही माझ्यासमोर खाल्ले नव्हते. पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ऊसतोडीचे तिला काहीच वाटले नव्हते. राग होता तो चुलत आजोबांचा.