जानुसंधी-प्रत्यारोपण : संधीचे साम्य आणि रुग्णाचा उपशय

गुडघ्याचे शस्त्रकर्म झालेला रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या हाती बहुधा सुबक क्ष-किरण चित्र असते आणि मुखी तक्रार. दोन वर्षांपूर्वी प्रत्यारोपण झालेली अशीच एक प्रौढ रुग्णा आमच्याकडे आली. चित्रात कृत्रिम सांधा सरळ, जागच्या जागी. बाई म्हणाल्या, "चढताना काही नाही, उतरताना मात्र गुडघा आपला वाटत नाही." अधूनमधून सूजही येई. आम्ही वातप्रकोप मानून तीन महिने स्नेहन, स्वेदन व गुग्गुळकल्प दिले. सूज येत-जात राहिली. अखेर शल्यचिकित्सकांनी गुडघा काटकोनात वाकवून तपासला, तेव्हा तो पुढे-मागे सरकत होता. विकृती बंधांच्या शैथिल्यात होती आणि ती आमच्या ध्यानात आली नव्हती. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच.

सुश्रुतांनी शारीरस्थानात स्नायूंचे कार्य सांगताना नौकेचा दृष्टांत दिला आहे. फळ्या अनेक बंधनांनी नीट आवळलेल्या असल्या तरच नौका भार वाहते. येथे 'स्नायू' म्हणजे मराठी बोलीतील मांसपेशी नव्हे, तर सांध्यास बांधून ठेवणारे बंध, हे विद्यार्थ्यांना वारंवार सांगावे लागते. प्रत्यारोपणात झिजलेले अस्थिपृष्ठ कापून त्यावर धातूचे आवरण व मध्ये प्लास्टिकची चकती बसते. परंतु आतील व बाहेरील पार्श्वबंध रुग्णाचे स्वतःचेच राहतात. फळ्या नव्या, दोऱ्या जुन्या. वर्षानुवर्षे गुडघा बाहेरच्या बाजूस वाकलेला असेल तर आतील दोरी आखडलेली आणि बाहेरील सैल झालेली असते.

म्हणून शल्यचिकित्सकास दोन पोकळ्या सम कराव्या लागतात : पाय सरळ असतानाची आणि गुडघा वाकवला असतानाची. मांडीच्या हाडाचा खालचा छेद केवळ पहिलीवर परिणाम करतो, मागचा छेद केवळ दुसरीवर. नडगीच्या हाडाचा छेद मात्र दोन्हींवर. चकती जाड घेतली तर दोन्ही पोकळ्या घट्ट होतात. त्यामुळे एकच पोकळी सैल असेल तर केवळ जाड चकतीने प्रश्न सुटत नाही. ही साधी गणिते ठाऊक असली की रुग्णाची तक्रार वाचता येते. वाकताना घट्ट असलेला गुडघा पुरेसा दुमडत नाही. सरळ करताना घट्ट असलेला पूर्ण सरळ होत नाही व रुग्ण लंगडतो. वाकताना सैल असलेला जिना उतरताना आणि खुर्चीतून उठताना दगा देतो, वारंवार सुजतो. आमच्या रुग्णेने पहिल्याच वाक्यात निदान सांगितले होते!

आजच्या स्वरूपाचे प्रत्यारोपण १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्क येथे जॉन इन्सॉल आदींनी रूढ केले. तरीही शस्त्रकर्मानंतर सुमारे पाचांतील एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो, असे ब्रिटन व कॅनडातील मोठ्या पाहण्यांत आढळले. साम्य हे त्याचे एकमेव कारण नव्हे. दाब मोजणारे संवेदक वापरून सम केलेल्या गुडघ्यांचे रुग्ण अधिक समाधानी असल्याचे प्रारंभीच्या अभ्यासांत दिसले. परंतु नंतरच्या तुलनात्मक चाचण्यांत हा लाभ स्पष्टपणे सिद्ध झाला नाही. यंत्राने दाब सम केला म्हणजे रुग्णास सुख झाले, असे नाही. शिवाय सर्वांचा पाय मुळात सरळ नसतो. बेल्जियममधील २०१२ च्या अभ्यासात निरोगी पुरुषांपैकी ३२ टक्के व स्त्रियांपैकी १७ टक्के यांचा पाय निसर्गतःच तीन अंश वा अधिक बाहेर वाकलेला आढळला. प्रकृतीचा विचार करणाऱ्या वैद्यास यात नवल वाटू नये.

आता आपल्या कर्तव्याविषयी. पहिल्या तीन महिन्यांत गुडघा आखडत चालला असेल तर रुग्णास विनाविलंब शल्यचिकित्सकांकडे धाडावे. भूल देऊन गुडघा वाकवण्याचा उपाय याच काळात अधिक फळतो. गुडघ्याखाली उशी घेऊन निजण्याची सवय मोडावी, कारण त्याने सांधा वाकलेलाच आखडतो. व्रण पूर्ण भरेपर्यंत त्यावर अभ्यंग वा जानुबस्ती नको. पोटरी दुखून सुजली असेल तर तेथे मर्दन मुळीच करू नये. शिरेत रक्ताची गाठ असण्याची शंका घ्यावी. कृत्रिम सांध्यावर जलौका, अग्निकर्म किंवा सुईने द्रव काढणे आम्ही पूर्णतः वर्ज्य मानतो. जळवेच्या आतड्यात जंतू असतातच, आणि कृत्रिम सांध्यात शिरलेला जंतू सहसा केवळ औषधाने निघत नाही. ज्वर, स्राव वा नव्याने वाढलेली लाली दिसल्यास तोच दिवस महत्त्वाचा.

औषधालयाच्या चालकांनाही एक विनंती. शस्त्रकर्मानंतर कित्येक आठवडे रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतो. गुग्गुळ आणि अधिक मात्रेतील लसूण यांमुळे रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते. कोणी 'गुडघ्याचे औषध' मागितले तर शस्त्रकर्म कधी झाले आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारूनच पुडी बांधावी. आमच्या रुग्णेचे पुन्हा शस्त्रकर्म झाले. त्यानंतर तिला आम्ही बल्य आहार आणि मांडीच्या पेशींचा व्यायाम दिला. तेलाची पाळी सहाव्या आठवड्यानंतर, व्रण पाहून, शल्यचिकित्सकांशी बोलूनच आली.