बॅकअप कोण घेणार? सर्व्हिस घेणार!

सबमिशनच्या आदल्या रात्री हार्ड डिस्क गेली की हॉस्टेलमध्ये पहिला प्रश्न येतो, "बॅकअप घेतला होतास का?" उत्तर बहुधा ठरलेलं, "उद्या घेणार होतो." जे काम माणसाच्या आठवणीवर सोडलं, ते कधीतरी राहणारच. म्हणून ते कॉम्प्युटरकडेच सोपवावं. कसं, ते आपण बॅक्युला या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या उदाहरणाने पाहू. कर्न सिबाल्ड यांनी २००० साली त्यावर काम सुरू केलं आणि २००२ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं.

रचना : सर्व्हरवरचा 'डायरेक्टर' कधी आणि कशाचा बॅकअप घ्यायचा ते ठरवतो. 'स्टोरेज डीमन' डेटा साठवतो. आपल्या डेस्कटॉपवर असतो तो क्लायंट, म्हणजे 'फाइल डीमन'. ठरलेल्या वेळी डायरेक्टर त्याला पोर्ट ९१०२ वर हाक मारतो आणि क्लायंट फाइल्स स्टोरेजकडे पाठवतो.

सर्व्हिसच का? साधा प्रोग्राम लॉग-ऑफ केलं की बंद होतो. लॅबच्या एका पीसीवर दिवसभरात दहा जण बसतात, रात्री कोणीच नसतं, आणि बॅकअपची वेळ तर रात्रीचीच! सर्व्हिस मात्र विंडोज सुरू होताच, कोणी लॉगिन न करता चालू होते. ती 'लोकल सिस्टिम' अकाउंटखाली चालते, त्यामुळे सगळ्या युजर्सचे फोल्डर तिला वाचता येतात. एखादी फाइल उघडी राहिली असेल तर विंडोजची शॅडो कॉपी सोय त्या क्षणाचा स्नॅपशॉट देते.

काय करायचं?
१. इन्स्टॉल करताना फक्त क्लायंट निवडा.
२. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये डायरेक्टरचं नाव आणि पासवर्ड लिहा. दोन्हीकडे ते तंतोतंत जुळले पाहिजेत.
३. फायरवॉलमध्ये पोर्ट ९१०२ फक्त बॅकअप सर्व्हरसाठी उघडा.
४. विंडोजच्या 'सर्व्हिसेस' खिडकीत स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक' ठेवा. 'रिकव्हरी' टॅबमध्ये 'रिस्टार्ट द सर्व्हिस' निवडा, म्हणजे सर्व्हिस कोसळली तरी पुन्हा उठेल.

इथे लोक फसतात : पीसी स्लीपमध्ये गेला की सर्व्हिसही झोपते, म्हणून पॉवर सेटिंग आधी बघा. तुम्ही लॉगिन करून जोडलेला नेटवर्कवरचा झेड ड्राइव्ह सर्व्हिसला दिसत नाही, कारण ती जोडणी तुमच्या लॉगिनपुरतीच असते. आणि तो पासवर्ड जपा. ज्या सर्व्हिसला सगळी डिस्क वाचता येते, तिचा पासवर्ड फुटला तर सगळ्यांचाच डेटा उघडा पडला.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. सर्व्हिससमोर 'रनिंग' दिसतंय म्हणजे बॅकअप झाला, असं नाही. तिचा अर्थ एवढाच की क्लायंट हाकेची वाट पाहतोय. जॉबचा रिपोर्ट वाचा, आणि महिन्यातून एकदा तरी एखादी फाइल रिस्टोअर करून, उघडून बघा. घेण्याचं काम सर्व्हिस करेल हो, पण तपासायचं काम आपलंच आहे!